राखीव जागेवर निवडून आलेल्यांना बोलू द्या : राज्यातील पक्षाध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष

विषय : राखीव जागांवरील लोकप्रतिनिधींकडून घेतले जाणारे तारीख नसलेले राजीनामे आणि त्यांच्यावर बजावले जाणारे पक्षादेश (व्हिप)

सन्माननीय महोदय,

वर्षानुवर्षे रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका न्यायालयाच्या आदेशामुळे अखेर होऊ लागल्या, प्रशासकांच्या जागी लोकांनी निवडलेली माणसे बसू लागली, याचा आनंद मलाही आहे. परंतु आमच्या भागात राखीव जागांवर निवडून आलेल्या सदस्यांकडून, विशेषतः महिला सदस्यांकडून, पद देण्याआधीच तारीख न घातलेले राजीनामे लिहून घेतले जात असल्याचे कळले. त्यातल्या काही जणी ‘ताई, सही करू का?’ असे विचारायला माझ्याकडे आल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते बंद पाकिटातून तुमच्या कार्यालयात पाठवले असते, तर त्याचे काय झाले असते हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून ते सर्वांसमोर ठेवते.

मी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव असलेल्या गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले होते आणि काही काळ समाजकल्याण समितीची सभापती होते. माझा पक्ष कोणता, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एक तर मी अजूनही त्याच पक्षाची सदस्य आहे. दुसरे म्हणजे, जे माझ्या पक्षात घडले तेच शेजारच्या पक्षांत जसेच्या तसे घडते हे मी पाच वर्षे सभागृहात बसून पाहिले आहे. पक्षाविषयी माझ्या मनात कटुता नाही. पक्षाने तिकीट दिले नसते तर माझ्यासारखी बाई जिल्हा परिषदेची पायरी चढली नसती, हे मी मान्य करते. मात्र तिकीट दिले म्हणजे तोंड विकत घेतले, हा हिशेब मला मान्य नाही.

सभापतिपद देताना मला सांगण्यात आले की पद सव्वा वर्षासाठी आहे, नंतर दुसऱ्या सदस्याला संधी द्यायची आहे, आणि त्यासाठी राजीनामा आताच लिहून द्यावा लागेल. पद वाटून घेण्याला माझा विरोध नव्हता. पण तो कागद सव्वा वर्ष कोणाच्या तरी कपाटात पडून राहिला नाही. अनुसूचित जातींच्या वस्त्यांच्या विकासासाठी असलेल्या निधीतील कामांची यादी माझ्यासमोर आली, तेव्हा त्यातील काही कामे वस्तीत नव्हतीच. रस्ता वस्तीच्या नावाने होता, पण सुरू होत होता वस्ती संपल्यावर आणि जात होता भलतीकडेच. गटारांची मागणी करणाऱ्या वस्त्यांची नावे यादीत नव्हती. मी जागेची पाहणी झाल्याशिवाय यादीला संमती देणार नाही असे म्हटले. कोणी आवाज चढवला नाही, कोणी धमकी दिली नाही. आमचे गटनेते अत्यंत सौजन्याने म्हणाले की साहेबांची इच्छा वेगळी आहे. त्यानंतर लवकरच माझ्या राजीनाम्यावर तारीख पडली आणि तो अध्यक्षांकडे सादर झाला. सही माझीच होती, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करायची?

महोदय, हे केवळ एका सभापतीचे गाऱ्हाणे असते तर मी तुमचा वेळ घेतला नसता. राखीव जागा ही पक्षाने केलेली कृपा नाही, ती संविधानाने दिलेली व्यवस्था आहे. आणि त्या व्यवस्थेत निवडून येणारा माणूस नेमका कोणाचा, हा वाद तिच्या जन्मापासूनचा आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. येरवड्यात गांधीजींचे उपोषण झाले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. जागा वाढल्या, हे सगळेच सांगतात. त्या करारात आणखी एक तरतूद होती, जिची आठवण फारशी काढली जात नाही. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनीच प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून सर्व मतदारांनी मिळून एकाला निवडून द्यायचे, अशी ती पद्धत होती. ती फार तर दहा वर्षांसाठी होती आणि स्वातंत्र्यानंतर ती उरली नाही. आज ते चार जण निवडण्याचे पहिले काम, म्हणजे समाजातून कोणी उभे राहायचे हे ठरवण्याचे काम, तुमच्या उमेदवारी निवड समित्या बंद दाराआड करतात. राखीव जागेवर त्या समाजाचा माणूस निवडून येतो हे खरे, पण तो त्या समाजाने पुढे केलेला असतोच असे नाही.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांना अपयश आले. काजरोळकरही अनुसूचित जातींतूनच आलेले कार्यकर्ते होते आणि त्यांना निवडून येण्याचा पूर्ण अधिकार होता, याबद्दल माझा वाद नाही. प्रश्न असा की बलवान पक्ष आणि दुर्बल समाज यांच्या गाठीत पारडे कोणाकडे झुकते, हे त्या निकालांनी तेव्हाच दाखवले होते. १९५५ मध्ये बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशन या पक्षानेच राखीव मतदारसंघांची व्यवस्था रद्द करावी असा ठराव केला, तो या अनुभवातून. त्या ठरावाशी मी सहमत नाही. राखीव जागा नसत्या तर तुमच्यापैकी किती पक्षांनी आमच्या माणसांना तिकिटे दिली असती याविषयी मला शंका आहे. पण ठरावामागची तक्रार अजून जिवंत आहे.

(येथे एक गैरसमज दूर करते, कारण तो तुमच्या पक्षांचे प्रवक्तेही पसरवतात. ‘आरक्षण दहा वर्षांसाठीच होते’ हे वाक्य संविधानाच्या ३३४ व्या अनुच्छेदाविषयी आहे आणि तो फक्त लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांना लागू होतो. शिक्षण आणि नोकऱ्यांतील आरक्षणाला अशी मुदत कधीच नव्हती.)

ही मुदत दर दहा वर्षांनी वाढवली जाते. डिसेंबर २०१९ मध्ये १०४ वी घटनादुरुस्ती संसदेत मांडली गेली, तेव्हा विरोधात एकही मत पडले नाही आणि मुदत जानेवारी २०३० पर्यंत गेली. म्हणजे तीन-चार वर्षांत तुम्ही पुन्हा एकमताने हात वर कराल. त्याआधी या जागांवर बसलेल्यांची अवस्था एकदा पाहा. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ८४ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपल्या विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ आणि २५, अशा ५४ जागा राखीव आहेत. ५४ आमदार ही लहान संख्या नव्हे. आपल्या राज्यात याहून कमी आमदारांच्या बळावर पक्ष उभे राहतात आणि सरकारे हलतात. मग एवढे आमदार असताना आमच्या प्रश्नांवर सभागृहात एक आवाज का निघत नाही?

याचे उत्तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीत आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने ती आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व जाण्याची व्यवस्था झाली. त्यापाठोपाठ महाराष्ट्राने स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ करून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपालिकांनाही तोच नियम लावला. खुल्या जागेवरचा आमदार आणि राखीव जागेवरचा आमदार यांना एकच दोरी आहे, असे तुम्ही म्हणाल. कागदावर ते खरे आहे. पण खुल्या जागेवरच्या अनेकांच्या हाती साखर कारखाना असतो, सहकारी बँक असते, शिक्षणसंस्था असते, बरोबर चार-दोन आमदार घेऊन जाण्याची ताकद असते. आमच्यातल्या बहुतेकांच्या हाती पुढच्या तिकिटाची आशा तेवढी असते.

पक्षशिस्त नसेल तर घोडेबाजार होईल, हा तुमचा नेहमीचा युक्तिवाद मी गंभीरपणे घेते. सरकार टिकवण्यासाठी आपल्या सदस्यांवर भरवसा ठेवता यावा, ही अपेक्षा गैर नाही. पण याच कायद्याच्या छायेत जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये या राज्यातले दोन मोठे पक्ष उभे चिरले गेले, आणि त्या पक्षांतरांवरून सदस्यत्व कोणाचेच गेले नाही. घाऊक पक्षांतर या कायद्याने अडवले नाही. त्याने अडवले ते एखाद्या विधेयकावर किंवा निधीच्या प्रश्नावर एकट्याने उभे राहून वेगळे बोलू पाहणाऱ्याला.

४ ऑक्टोबर २०२४ चा दिवस आठवा. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली, आणि त्यांच्या पाठोपाठ वेगवेगळ्या पक्षांच्या आदिवासी लोकप्रतिनिधींनीही. आत्महत्या रोखण्यासाठी लावलेली ती जाळी. अनुसूचित जमातींच्या आरक्षणात दुसऱ्या समाजाचा समावेश करू नये आणि पेसा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातील रखडलेली नोकरभरती करावी, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांच्या गुणदोषांत मी येथे जात नाही. वृत्तवाहिन्यांनी दिवसभर ते दृश्य दाखवले आणि अनेकांनी त्याची टिंगल केली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. सत्ताधारी आघाडीतील माणूस, सभागृहाच्या उपाध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला, आपल्याच सरकारला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी सभागृह सोडून जाळीवर जातो, तेव्हा दोष त्याच्या स्वभावात शोधायचा की सभागृहात त्याला मिळणाऱ्या जागेत? त्या दिवशी सत्ताधारी आणि विरोधक एकत्र आले होते, हीही गोष्ट ध्यानात घ्या. जाळीवर पक्षादेश लागू नसतो.

दुसरे उदाहरण पैशाचे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन विभागांचा मिळून सातशे कोटींहून अधिक निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. लाडकी बहीण योजनेचा लाभ घेणाऱ्यांत आमच्या वस्त्यांतील बायका आहेत, आणि त्यांना मिळणाऱ्या पैशाबद्दल मला आकस नाही. पण शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि आश्रमशाळा ज्या विभागांनी चालवायच्या त्यांच्या डब्यातूनच तो का काढायचा? खात्याचा मंत्रीच जिथे पत्रकारांपुढे खंत बोलून दाखवतो, तिथे ५४ आमदारांपैकी कोणी अर्थसंकल्पाच्या मतदानात ‘नाही’ म्हणू शकेल काय? म्हटले तर आमदारकी जाईल. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्येच अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांसाठी, म्हणजे अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या निधीसाठी, स्वतंत्र कायदे केले. आपल्याकडे हा निधी अजून शासन निर्णयांच्या आणि मंत्रिमंडळाच्या मर्जीवर आहे. पुरोगामी महाराष्ट्र हे शब्द तुमच्या प्रत्येक जाहीरनाम्यात असतात, म्हणून विचारते.

नोकऱ्यांतील आरक्षणाचेही असेच झाले. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या कोट्यातली ३३ टक्के राखीव पदेही सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला आणि तरुणांच्या संतापानंतर पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. एक निर्णय एका आघाडीच्या काळातला, दुसरा दुसऱ्या आघाडीच्या. सत्तेतला पक्ष बदलला, तरी आमच्या प्रतिनिधींची अडचण बदलली नाही. विरोधात असताना आरक्षणावर तावातावाने बोलणारे आमचेच लोक सत्तेत गेल्यावर गप्प झालेले मी दोन्ही बाजूंना पाहिले.

आता तिकिटांविषयी. जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकेत राखीव जागा चक्रानुक्रमाने फिरतात. पाच वर्षे काम करून लोकांत थोडा जम बसतो, तोच गट खुला होतो. मग मी उमेदवारी मागायला गेले, तर उत्तर मिळाले, ‘ताई, जागा आता खुली आहे.’ खुली म्हणजे सर्वांची, हे तुमच्या निरीक्षकांना मी काय समजावणार? १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम या द्विसदस्य मतदारसंघातून अनुसूचित जमातीचे दोन उमेदवार सर्वाधिक मते घेऊन दोन्ही जागांवर निवडून आले. एक राखीव जागेवर आणि दुसरा सर्वसाधारण जागेवर. पराभूत झालेले व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निर्णय दिला की राखीव प्रवर्गातील उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकतो. निकाल लागून साठ वर्षे उलटली, तुमच्या तिकीटवाटपात तो अजून पोहोचलेला नाही. याचा परिणाम असा की राखीव जागेवरचा प्रत्येक प्रतिनिधी एका पाळीपुरता असतो. त्याला स्वतःचा मतदार मिळत नाही आणि दरवेळी नवा, अननुभवी, सांगेल तिथे सही करणारा सदस्य पक्षाला मिळतो. हे मुद्दाम होते असे मी म्हणत नाही. सोयीचे मात्र सर्वांना आहे.

जात वैधता प्रमाणपत्राचा धाक हा आणखी एक प्रकार. बोगस दाखल्यांना आळा बसलाच पाहिजे आणि पडताळणीची अट योग्यच आहे. पण सदस्य ऐकत नाही असे दिसले की त्याच्या दाखल्याविरुद्ध पडताळणी समितीकडे तक्रार करणारा माणूस अचानक उगवतो, आणि सदस्य पुन्हा ऐकू लागला की तक्रार थंडावते. हे गावोगाव घडते, आणि तक्रारदार कोणाच्या बैठकीतला असतो हेही गावोगाव माहीत असते.

या साऱ्यावर घटनादुरुस्ती करा असे सांगून मी तुम्हाला निसटण्याची वाट देणार नाही. पक्षादेशाचा वापर सरकारचे अस्तित्व पणाला लागेल तेवढ्यापुरता असावा, असे निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये आणि विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात सुचवले होते. त्या शिफारशी संसदेत पडून आहेत आणि पुढेही राहतील. मी तुमच्या हातात जे आज आहे तेवढेच मागते. दहाव्या अनुसूचीत आणि १९८६ च्या राज्य अधिनियमातही स्पष्ट लिहिले आहे की पक्षाच्या पूर्वपरवानगीने वेगळे मत दिले, किंवा दिल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पक्षाने ते क्षमापित, म्हणजे माफ, केले, तर सदस्य अपात्र ठरत नाही. म्हणजे आमच्या प्रतिनिधींना मोकळे करण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, तुमची सही पुरते.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. पक्षाच्या कोणत्याही निर्वाचित सदस्याकडून तारीख नसलेला राजीनामा घेतला जाणार नाही, असे प्रत्येक प्रदेशाध्यक्षाने लेखी परिपत्रक काढावे, आणि आतापर्यंत घेतलेले असे सर्व कागद संबंधित सदस्यांना परत करावेत. पद वाटून द्यायचे असेल तर त्याचा कालावधी नियुक्तीच्या दिवशीच जाहीर करावा.

२. अनुसूचित जाती-जमातींचा निधी, त्यांच्यासाठीची नोकरभरती, शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि वनहक्क या विषयांवर राखीव जागांवरील आपल्या सदस्यांना विवेकाने मतदान करण्याची कायमस्वरूपी पूर्वपरवानगी पक्षाने द्यावी. विश्वासदर्शक आणि अविश्वास प्रस्ताव यातून वगळा. तेवढी शिस्त मला मान्य आहे.

३. या ५४ आमदारांनी, आणि जिल्हा परिषदा व नगरपालिकांतील राखीव जागांवरील सदस्यांनी, पक्षभेद बाजूला ठेवून या विषयांवर एकत्र बसायचे ठरवले, तर त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली जाणार नाही, असे जाहीर करावे.

४. राखीव जागेची उमेदवारी ठरवताना त्या मतदारसंघातील संबंधित समाजाच्या कार्यकर्त्यांची खुली बैठक घ्यावी आणि तिथे पुढे आलेली नावे जाहीर करावीत. अंतिम निवड पक्षाने करावी, पण त्या नावांना डावलले तर त्याचे कारण द्यावे. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा ए-बी फॉर्म शेवटच्या रात्री कोणाच्या हातात पडला यावरून आमचा प्रतिनिधी ठरू नये.

५. पुढील प्रत्येक निवडणुकीत खुल्या जागांवर अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांतील किती उमेदवार दिले, ही यादी पक्षाने स्वतःहून प्रसिद्ध करावी.

६. अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांचा निधी अन्यत्र वळवता येणार नाही, अशा कायद्याचे विधेयक येत्या अधिवेशनात सर्व पक्षांनी मिळून मांडावे.

पहिल्या पाच मागण्यांसाठी सरकारची, न्यायालयाची किंवा पैशाची गरज नाही. त्या मान्य आहेत की नाहीत, हे प्रत्येक पक्षाने येत्या अधिवेशनापूर्वी जाहीरपणे आणि मागणीनिहाय सांगावे. एखादी मागणी मान्य नसेल तर तसे कारणासह लिहावे, त्यावर मी आणि माझ्यासारखे इतर जण युक्तिवाद करू. ज्या सदस्य माझ्याकडे विचारायला आल्या होत्या, त्यांना मी तुमचे उत्तर येईपर्यंत कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नका, असे सांगितले आहे.

आपली नम्र,
एक माजी समाजकल्याण सभापती, जिल्हा परिषद